लोळ्याला गोणपाट

पाळकसाहेब म्हणाले, हन्नाबाई, तुमचा खांदा गेला,
आता पोरांना शिकवा.
मी हो म्हटलं. त्यात काय,
एकोणतीस वर्षं वाजवतेय.

पहिल्याच रविवारी कळलं
की मला वाजवता येतं, एवढंच येतं.
हात काय करतो ते हाताला माहीत,
त्यानं मला कधी सांगितलंच नव्हतं.

नहूमला म्हटलं, विहिरीतून बादली काढतोस ना, तसं.
तो बादली काढल्यासारखा ओढत सुटला,
हातावर हात, हातावर हात,
आणि वर घंटा तिरपी होऊन अडून बसली.
एस्तेरला म्हटलं, झोका समज.
ती दोरीला लटकलीच.
घंटेनं तिला उचललं हातभर,
चप्पल खाली, पोट्टी वर.
फुलवंतीला काहीच म्हटलं नाही.
उदाहरणं संपली होती.

त्या दिवशी तिघांनी मिळून जे वाजवलं
ते इतकं सावकाश, टोला टोल्यापासून इतका लांब,
की धुऱ्याधुऱ्यानं माणसं आली,
ओट्यात वेचलेला कापूस तसाच.
कोन गेलं वो?
कोनीच नाही, म्हटलं, शिकून रायले पोट्टे.
दगडूजी वानखडे टोपी हातात घेऊन उभे,
म्हणाले, मले वाटलं आमचा बुढा गेला,
आन् हसले.
मग घरी जाऊन बुढ्याला स्वतः पाणी पाजलं, म्हणतात.

मी शिडी लावली.
परतवाड्याच्या जिनिंगमधलं गोणपाट
लोळ्याभोवती गुंडाळलं, सुतळीनं आवळलं,
दाढ दुखणाऱ्याचं तोंड बांधतात तसं.
महिनाभर आम्ही मुकी घंटा वाजवली.
धप्. धप्.
पारवेसुद्धा उडेनात.

त्या मुकेपणात मला पहिल्यांदा ऐकू आलं
दोरी तळव्यातून वर जाताना कशी सरकते,
वर गेल्यावर एक श्वासभर कशी थांबते,
आणि त्या श्वासात
आपण काहीच करायचं नसतं.

शांतवनबाबांनी मला हेच शिकवलं असणार.
ते तर बोलायचेच नाहीत.
दोरीखाली बसून तंबाखू मळायचे,
मी घाई केली की
मळणं थांबवायचे.

मी बोलणं कमी केलं.
‘ओढ’ हा शब्द टाकून दिला, ‘सोड’ ठेवला.
नहूम म्हणाला, सोडली तं ते वर जाईन ना!
जाऊ दे. येते ती.
तिचं वजन तिला आणते, तू नाही आणत.

दोरीचं खालचं टोक मात्र मी धरून असायची,
मुठीत, गुपचूप, न जाणो.
फुलवंती अकरा वर्षांची, मेळघाटातून
आत्याकडे शिकायला आलेली.
मागं न बघता म्हणाली,
मावशी, तुमी धरता तं मले घंटा समजत नाही.

सोडलं टोक.
रिकामा हात कुठे ठेवायचा सुचेना,
पदराला पुसत राहिले,
पुसण्यासारखं काही नव्हतं त्याला.

नाताळाच्या आधीच्या शनिवारी गोणपाट काढलं.
पहिला टोला उशिरा पडला,
दुसरा बरा.
तिसऱ्याला पारवे उडाले.

मरणाचे टोले अजून शिकवलेले नाहीत.
एस्तेर विचारते, ते कधी?
पाहू, म्हणते. दगडूजींचा बुढा
अजून ओट्यावर ऊन खात बसतो,
घंटा झाली की मान वर करून मोजतो.

गोणपाट मी फेकलं नाही.
दोरीखाली अंथरलं, त्यावर बसते.
मांडीवर सुपात तूर, निवडायची.
नहूम घाई करतो.
मी निवडणं थांबवते.